आढावा मार्चमध्ये नको, डिसेंबरच्या आत हवा

शाळा व्यवस्थापन समितीने शाळेच्या वार्षिक विकास आराखड्याचा आढावा मार्चअखेर घ्यावा, असं एका लेखात म्हटलंय. तोपर्यंत फार उशीर झालेला असतो. शिक्षण हक्काच्या केंद्रीय नियमांत (२०१०) पहिला आराखडासुद्धा आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तयार करायला सांगितलाय. त्यामागे व्यवहारी कारण आहे. ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेच्या वर्षभराच्या किरकोळ खर्चासाठी संयुक्त अनुदान मिळतं २५ हजार रुपये, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी. संरक्षक भिंत यातून होणार नाही. ती ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालून घ्यावी, आणि त्याच्या ग्रामसभा ऑक्टोबरपासून सुरू होतात. मार्चमध्ये ठराव केला की काम सरळ वर्षभर पुढे जातं.

आढाव्याला बसताना आधी मागच्या वर्षीचा आराखडा उघडा. प्रत्येक कामापुढे झालं, अर्धवट की सुरूच नाही हे लिहा, बिल आणि साठा नोंदवही ताडून पाहा, मग जागेवर जाऊन नळ सोडून बघा. यूडायसमध्ये, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, स्वच्छतागृह 'वापरात' भरलेलं आणि आराखड्यात त्याच्याच दुरुस्तीची मागणी, ही विसंगती हमखास सापडते. अशी मागणी वरच्या कार्यालयात टिकत नाही, म्हणून आधी यूडायसची माहिती दुरुस्त करा. आणि 'गुणवत्ता वाढवणे' हे उद्दिष्ट कृपया खोडा. तिसरीतल्या किती मुलांना हातच्याची वजाबाकी जूनमध्ये येत होती आणि डिसेंबरमध्ये किती जणांना येते, एवढे दोन आकडे लिहिले तर पालक सदस्यांनाही प्रश्न विचारता येतात.