उलट्या चालीचा वखर

बैलजोडी विकून चार वर्षं झाली. तेव्हापासून रोहिण्या जवळ आल्या की मी ट्रॅक्टरवाल्याच्या दारात. त्याचं उत्तर ठरलेलं. वही काढतो, माझं नाव लिहितो आणि म्हणतो, "भाऊ, उद्या सकायी पक्कं." ही उद्याची सकाळ साधारण पंधरा दिवसांनी उगवते. तीन एकरवाला कास्तकार वहीत कितीही आधी लिहिला तरी शेवटच्याच पानावर सापडतो.

यंदा भाचा मदतीला धावला. तो दारव्ह्याकडं सिमेंट रस्त्यांची छोटी कंत्राटं घेतो. काम थांबलं होतं आणि त्याचा छोटा लोडर रिकामा उभा होता. "मामा, याले पुढून रोटाव्हेटर लागते. तुमी काहून त्या ट्रॅक्टरवाल्याचे पाय धरता?" कुठून तरी ओळखीत त्यानं ते फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजारही पैदा केलं आणि सगळी वरात पांदणीनं वावरात आणली.

हा लोडर म्हणजे चार चाकांवर ठेवलेलं लोखंडी कपाट. याला स्टिअरिंग नाही, दोन हातांत दोन दांडे. डावीकडची चाकं पुढं आणि उजवीकडची मागं फिरवली की गडी जागच्या जागी भिंगरीसारखा गरकन फिरतो. सिमेंटवर ही कला शोभते. वावरात त्याच्या एकेका वळणानं धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, एवढा खड्डा पडे की वन खात्यानं रोपं दिली असती तर वृक्षारोपण उरकून घेतलं असतं.

भाच्यानं मोबाइलवर यंत्राचं कूळही दाखवलं. १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात केलर नावाच्या दोघा भावांनी याचा मूळपुरुष बनवला, तो एका टर्की पाळणाऱ्यासाठी, पक्ष्यांच्या कोठ्यातली घाण उपसायला. तेव्हा त्याला तीनच चाकं होती. रोटाव्हेटरचं माहेर ऑस्ट्रेलियात. तिथं हॉवर्ड नावाच्या पोरानं १९१२ च्या सुमारास बापाच्या शेतात त्याचे प्रयोग केले. असे हे दोन खंडांतले वधूवर, आणि लग्न लागायचं होतं माझ्या वावरात.

ते काही लागेना.

ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर मागच्या शाफ्टवर फिरतो. याला मात्र तेल फिरवतं. लोडरमधून दाबानं आलेलं हायड्रोलिकचं तेल नळीतून रोटाव्हेटरच्या मोटरीत जातं, तिला फिरवतं आणि दुसऱ्या नळीनं परत येतं. या नळ्यांची तोंडं एकमेकांत घुसून 'टक्' असा आवाज यायला हवा. आमच्याकडं आवाज येत होते, पण ते भाच्याच्या तोंडून. त्यानं इंजिन बंद केलं, दांडे हलवून लोडरकडचा दाब सोडला, फडक्यानं तोंडं पुसली, गुडघा लावून रेटलं. टक् नाही. तोवर पांदणीनं जाणारे नऊ-दहा जण सल्लागार मंडळात दाखल झाले होते. एकानं घण सुचवला, एकानं खोबरेल, आणि एकानं नारळ फोडला का असं विचारून सगळ्यांनाच खजील केलं. नारळ खरंच राहिला होता.

बायको चहा घेऊन आली. दोन मिनिटं पाहून म्हणाली, "सकायपासून उन्हात पडलं आहे न ते. तापलं असन. रातच्याले निवू द्या, पहाटे लावा."

पारा ४५ वर होता. नळीत कोंडलेलं तेल तापून फुगलं होतं आणि तेच आतून दार लावून बसलं होतं. हे आम्हाला संध्याकाळपर्यंत बोटं सोलून घेतल्यावर पटलं. दुसऱ्या दिवशी साडेपाचला भाच्यानं नळी टेकवली आणि टक्. "पाहा मामा, टेक्निक असते," तो म्हणाला.

आता खरी मौज. हे अवजार पुढं लागतं. पुढं चालत माती भुसभुशीत केली की मागून याच अडीच टनी कपाटाची चाकं तिच्यावरून जातात आणि ती पुन्हा दडपून टाकतात. म्हणून उलटं चालायचं. अख्खं वावर रिव्हर्समध्ये! त्यात इंजिन मागं, त्यामुळं चालवणाऱ्याला मागचं नीट दिसत नाही. उठून डोकावावं तर सीटखालचा स्विच सगळं बंद करतो. मग मी मागं उभा राहिलो आणि "येऊ दे, येऊ दे, डाव्या अंगानं" असा एसटीच्या कंडक्टरसारखा ओरडत उलटा चालू लागलो. पोरगी धुऱ्यावरून म्हणाली, "बाबा, रोटाव्हेटरचं स्पेलिंग बी उलटं वाचलं तं तेच येते."

तिसऱ्या तासाला घरघर एकदम घुसमटली. डुकरांसाठी गेल्या हंगामात जुन्या साड्यांचं कुंपण केलं होतं, त्यातली एक पात्यांनी गिळली होती. इंजिन बंद करून, अवजाराखाली ओंडके सारून मी विळ्यानं ती कापू लागलो. बाहेर पऱ्हाटीच्या धसकटांचा काला, आत ठिबकच्या नळीचे तुकडे, आणि त्याच्या खाली दांड्याला सुतळीसारखी पिळून बसलेली साडी. वीतभर कापावी तर आत आणखी वीतभर. शेवटी जरीचा काठ हातात आला. मोरपंखी.

बायकोनं तो बोटात धरून उन्हाकडं केला. "हे तं माह्या भाचीच्या लग्नातली होय. पेटीत होती न?"

मी डिझेल किती उरलं ते पाहायला गेलो.

पाहून परत आलो तर शेजारचे आबाजी धुऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभे. मी डिझेलकडं असताना भाच्यानं एकट्यानंच एक फेरी मारली होती आणि लोडरच्या पाठीनं धुरा हातभर खचला होता. आमच्या भागात धुऱ्याच्या चार बोटांपायी सख्खे भाऊ तहसिलीच्या पायऱ्या झिजवतात. इथं तर पूर्ण हात होता.

"बापू," आबाजी म्हणाले, "तुह्या बैलानं कधी माया धुऱ्यावर पाय नाई ठेवला. अन हे आलं तेही ढुंगणाकून!"

मी फावडं घेऊन धुरा भरला. आबाजींनी तो पावलानं दोनदा मोजला.

दीड एकर झालं. मधली माती खरंच रव्यासारखी निघाली, हे खोटं कशाला बोलू. पण कडांना खड्डे होते, आणि जिथं काळी माती तापून पक्की झाली होती तिथं अवजार नुसतं ढेकळांवर उड्या मारत होतं. काळ्या मातीचं असंच, सुकी असली की दगड आणि भिजली की डिंक. मधले चार दिवस वाफशाचे, आणि नेमके तेव्हाच भाच्याचे रस्ते सुरू होणार. चौथ्या दिवशी त्याला फोन आलाच. त्यानं रोटाव्हेटर सोडला, बकेट लावली आणि निघाला.

"जाता जाता उकिरडा काढून द्या न," बायको म्हणाली.

दोन वर्षांचं शेणखत होतं. लोडर त्यात शिरला आणि जन्मगावी आल्यासारखा वागू लागला. पुढं घुसायचं, उचलायचं, जागच्या जागी गरकन फिरायचं, ट्रॉलीत टाकायचं. पाऊण तासात उकिरड्याचा तळ दिसला. भाच्यानं एकदाही मागं पाहिलं नाही की मला "येऊ दे" म्हणावं लागलं नाही.

आबाजी फाटकाशी उभे राहून सारं पाहत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग जवळ आले.

"माया बी उकिरडा आहे बापा. दोन वर्षांचा."

त्यांच्या मागं आणखी चौघं उभे होते. भाच्यानं लोडर बंद केला, खिशातून वही काढली, नावं लिहिली.

"आबाजी," तो म्हणाला, "उद्या सकायी पक्कं."