पाणी पिऊनही होणारी अस्वस्थता: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पाणी पिऊनही काहींना अस्वस्थ का वाटते, यावरच्या माझ्या लेखाला आपण दिलेल्या सविस्तर प्रतिक्रियेतील मुख्य आक्षेप असा आहे की, तहानलेल्या माणसाला पाणी कधीच बाधत नाही. ज्याला पाणी पिऊन मळमळते त्याला पाणी कमी पडलेले असते आणि त्यावर उपाय म्हणजे आणखी पाणी. माझ्या लेखामुळे लोक पाण्याला घाबरतील, असेही आपण म्हटले आहे. ही काळजी रास्त आहे, पण तिच्यामागचे गृहीतक मला पटत नाही.

तहान प्रामुख्याने रक्ताच्या दाटपणावर अवलंबून असते. रक्तातील क्षारांची संहती जेमतेम एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाच्या परिसरातील पेशींना ते कळते आणि तहान लागते. प्यायलेले पाणी आतड्यांतून रक्तात पुरेसे मिसळायला मात्र वेळ लागतो. तरीही चार घोटांत बरे वाटते, कारण तोंड, घसा आणि जठर मेंदूला आगाऊ वर्दी देतात. त्रासाचे एक मूळ या मधल्या अवधीत आहे. धावून किंवा उन्हात राबून आलेल्या माणसाच्या पचनसंस्थेकडे जाणारा रक्तप्रवाह कमी झालेला असतो आणि जठर सावकाश रिकामे होते. अशा वेळी त्याने घटाघटा लिटरभर पाणी ढोसले, तर पाण्याबरोबर हवाही गिळली जाते, जठर ताणले जाते आणि तहान भागण्याआधीच पोट डबडबते, उमासे येतात. पाणी तेच, पण घोट घोट घेतले असते तर हे टळले असते.

‘आणखी पाणी प्या’ हा सल्ला मला सर्वांत धोक्याचा वाटतो. बराच वेळ घाम गाळल्यावर किंवा जुलाब-उलट्यांनंतर पाण्याबरोबर मिठातले सोडियमही गेलेले असते. मूत्रपिंडे तासाला साधारण लिटरभरच जादा पाणी बाहेर टाकू शकतात, आणि दीर्घ श्रमात तर त्याहून कमी. त्यापुढे नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम पातळ होत जाते. त्याची पहिली लक्षणे म्हणजे मळमळ आणि डोकेदुखी. नेमकी तीच लक्षणे पाणी कमी पडल्याची समजून माणूस पुन्हा पाणी पितो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के जणांचे सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोल किंवा त्याहून कमी, म्हणजे हवे त्यापेक्षा कमी भरले. धावताना वजन वाढण्याइतके पाणी पिणे हे त्याचे ठळक कारण होते. जुलाबात नुसत्या पाण्याऐवजी मीठ-साखरेचे योग्य प्रमाणातील द्रावण देतात, तेही याचसाठी: आतड्याच्या अस्तरातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते.

शरीर स्वतःही हात आखडता घेतेच. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की, गरजेपलीकडे पाणी प्यायलेल्यांना पुढचा घोट गिळायला सुमारे तिप्पट प्रयास पडतात. या अनिच्छेवर मात करून पाणी रिचवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

तोंडाला पडलेली कोरड ही वेगळी गोष्ट आहे. ॲलर्जीच्या आणि नैराश्यावरच्या काही औषधांनी किंवा रात्री तोंडाने श्वास घेतल्याने लाळ आटते. पाण्याने जीभ क्षणभर ओली होते, पुन्हा सुकते, आणि पोट मात्र उगाच भरत राहते. इथे कमतरता लाळेची असते.

‘मग माणसाने प्यावे तरी किती?’ असे आपण शेवटी विचारले आहे. निरोगी माणसाने तहान लागेल तेव्हा, सावकाश आणि तहान भागेपर्यंत प्यावे. वृद्धांची तहानेची जाणीव मंदावते, म्हणून त्यांना आठवणीने पाणी द्यावे लागते. तहान दिवसेंदिवस शमतच नसेल आणि लघवीला वारंवार जावे लागत असेल, तर रक्तातील साखर तपासावी. पाणीच घशाखाली अडकत असेल, तर अन्ननलिकेची तपासणी करून घ्यावी. आणि दीर्घ श्रमांनंतर भरपूर पाणी प्यायलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, तर त्याला आणखी पाणी न पाजता थेट रुग्णालयात न्यावे.