बँकेच्या साहेबाचा बोनस आणि ग्रुपवरचा तो मेसेज

यावल-रावेरकडच्या आमच्या तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, "बँकेचा साहेब स्वतःचा पगार स्वतःच ठरवतो, बँक बुडाली तरी बोनस घेऊन जातो, रिझर्व्ह बँकेचे नियम फक्त कागदावर". आप्पांनी पण टाकला म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं.

स्वतः ठरवतो हे साफ चूक. खासगी बँकेत एमडीचा, म्हणजे बँकेच्या सगळ्यात मोठ्या साहेबाचा, पगार बोर्डाची कमिटी ठरवते अन् बँकिंग कायद्याच्या कलम ३५ब खाली रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागतेच. सरकारी बँकेत सरकार ठरवतं, तिथं करोडोचा विषयच नाही.

बोनसचं मात्र नीट समजून घ्या. खासगी बँकांना १ एप्रिल २०२० पासून नियम असा, की एमडीच्या एकूण पगाराचा निदान अर्धा भाग कामगिरीवर, म्हणजे हाच बोनस, तो फिक्स पगाराच्या तिपटीवर जायचा नाही, त्यातला किमान अर्धा शेअरसारख्या रूपात, आणि ६० टक्के तरी तीन वर्षं किंवा जास्त अडकवून टप्प्याटप्प्याने द्यायचा. केळीचंच बघा ना, व्यापारी घड कापून नेतो, पैसे थांबवतो, माल खराब निघाला म्हणून कटती मारतो, तसंच हे, एनपीए, म्हणजे बुडीत-थकीत कर्जाचा आकडा, दाबून ठेवलेला निघाला तर राहिलेला बोनस कापायचा अन् दिलेला परत मागायचा, फरक एवढाच की इथं कटती लेखी नियमाने होते, आपली व्यापाऱ्याच्या मूडवर.

कागदावरच म्हणता? आयसीआयसीआय बँकेच्या बोर्डाने जानेवारी २०१९ मधे, म्हणजे हा नियम यायच्या आधीच, बँकेच्या आधीच्या एमडी चंदा कोचर यांना बडतर्फ धरून एप्रिल २००९ ते मार्च २०१८ चे बोनस परत मागायचं ठरवलं. प्रकरण कोर्टात गेलं ते वेगळं. हां, एकूण आकडा किती असावा यावर सरसकट छत नाही, तेवढी तक्रार खरी आहे, मलाही ते पटत नाही.

पण खरं सांगू का, हा राग बँकेवरचा नाहीच, पतसंस्थेवरचा आहे, आमच्याच काकांची ठेव एका पतसंस्थेत वर्षानुवर्षं अडकलीय. पतसंस्था सहकार खात्याकडं येते, तिथं ना रिझर्व्ह बँकेचे हे नियम, ना ५ लाखांचा ठेव विमा. तिथल्या मॅनेजरला किती पगार अन् तो कोणी मंजूर केला हे सप्टेंबरातल्या सर्वसाधारण सभेत उठून विचारा की, नाश्त्याला तर सगळे जातातच.