सर्व मॉडेलांना बसणारी अँटेना

काल संध्याकाळी माझ्या १९६९ च्या शेव्हरोले कॅमारो गाडीच्या उजव्या मडगार्डावर रेडिओची जी अँटेना उभी राहिली, तिला ‘उभी राहिली’ म्हणणे हा उभे राहण्याचा अपमान आहे. ती कलली आहे, आणि तीही मागे नव्हे, पुढे. भरधाव गाडीची काडी वाऱ्याने मागे वाकावी हे समजू शकते. पण बंद गॅरेजात, इंजिन थंड असताना, एखादी काडी समोरच्या भिंतीला वाकून नमस्कार करत असेल तर त्या नमस्काराचे काय करायचे? खोक्यावर छापले होते, ‘१९६७ ते १९६९, सर्व मॉडेलांना बसते.’ बसली. उभी तेवढी राहत नाही.

विक्रेत्याला फोन केला. सत्तावीस मिनिटे त्यांचे संगीत ऐकले, जे माझ्या गाडीतल्या रेडिओपेक्षा स्पष्ट येत होते, हे कबूल करतो. मग एका तरुणाने अत्यंत सौजन्याने मला विचारले की, तुमचे मडगार्ड मूळचे आहे का? मी म्हटले, मिशिगनमध्ये पन्नासहून अधिक हिवाळे रस्त्यावरचे मीठ खाल्लेल्या गाडीचे मडगार्ड मूळचे कसे असेल? तेव्हा त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि सांगितले की, मग दोष अँटेनेचा नाही, नकली मडगार्डाचा आहे. त्याचा उतार चुकीचा असणार. मी शांतपणे, म्हणजे माझ्या मानाने शांतपणे, त्याला सांगितले की, ते मडगार्ड तीन वर्षांपूर्वी मी तुमच्याच दुकानातून, तुमच्याच कॅटलॉगातल्या ‘मूळ साच्याबरहुकूम’ या आश्वासनावर विसंबून घेतले होते. पलीकडे काही क्षण काहीच ऐकू आले नाही, आणि पुन्हा संगीत सुरू झाले. म्हणजे यांचेच मडगार्ड, यांचीच अँटेना, आणि दोघांची ओळख करून देण्याचे काम माझे!

हे मडगार्ड आले तेव्हा त्याला भोकही नव्हते. १९६९ साली कॅमारोत रेडिओ हा जादा पैसे मोजून घ्यायचा प्रकार होता आणि बिनरेडिओच्या गाड्या कारखान्यातून भोकाशिवायच बाहेर पडत, त्यामुळे ‘भोक नसणे हेही अस्सलच आहे,’ असे मला तेव्हा समजावण्यात आले होते. अस्सलपणाचा हा प्रकार पुढे मलाच ड्रिल हातात घ्यायला लावणार आहे, हे कोणी सांगितले नाही. ज्याने स्वतः पैसे भरून घेतलेल्या, आरशासारख्या चकचकीत रंगावर ड्रिलचे टोक टेकवले आहे, त्याला त्या क्षणाचे वर्णन लागत नाही. अकरा वेळा मोजले. चिकटपट्टी लावून तीवर खूण केली. आधी बारीक भोक पाडले, मग पायऱ्यापायऱ्यांच्या शंकूसारख्या ड्रिलने एकेक पायरी वाढवत नेले, आणि तेवढा वेळ श्वास घेतला नाही. भोक उत्तम पडले. या संपूर्ण प्रकरणात उत्तम झालेली तेवढी एकच गोष्ट आहे आणि ती अँटेनेच्या बैठकीखाली कायमची झाकली गेली आहे.

रंगाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. या नारिंगी रंगाला शेव्हरोलेने १९६९ साली जे अधिकृत नाव दिले, ते ‘हगर ऑरेंज’. अमेरिकनांना त्यात रस्त्याला घट्ट मिठी मारणारी गाडी दिसते. मराठी मंडळाच्या गणपतीत हे नाव मी एकदाच उच्चारले होते. त्यानंतर तिथली पोरे माझ्या गाडीला काय म्हणतात, ते इथे लिहिता येत नाही.

तर त्या रंगावर आता ओरखडा आहे. अँटेनेला वरून आवळण्यासाठी जी गोल चकती दिली आहे, तिला पाना लागेल अशी एकही बाजू नाही. समोरासमोर दोन बारीक खाचा आहेत. त्या खाचांत बसणारा खास पाना वेगळा विकला जातो आणि त्याची किंमत जवळपास अँटेनेएवढीच आहे. वरून चकती फिरवली की खालचा सांगाडाही सोबत फिरतो, म्हणून तो धरायला चाक काढून, आतल्या पत्र्याचे बोल्ट सैल करून, हात कोपरापर्यंत आत घालावा लागतो. आणि मनुष्याला परमेश्वराने दिलेले दोन्ही हात एकाच वेळी मडगार्डाच्या आत आणि बाहेर पोहोचतील अशी रचना केलेली नाही. मी खास पाना न घेता नोज प्लायर वापरला. तो घसरला. पुढचे वाक्य मी त्या वेळी मोठ्याने उच्चारले होते, इथे लिहीत नाही.

एवढे करून रेडिओ लावला, तर त्यातून फक्त खरखर. डब्ल्यूजेआर, ७६० किलोहर्ट्झ, ५० हजार वॉट: डेट्रॉइटच्या परिसरात हे केंद्र काटेरी तारेच्या कुंपणालाही ऐकू येत असेल. माझ्या गाडीला येत नव्हते. मीटर घेतला. काडीच्या टोकापासून केबलच्या मधल्या पिनेपर्यंत जोडणी ठीक. मधली पिन आणि बाहेरची जाळी यांच्यात संबंध नाही, तेही ठीक. जाळीपासून गाडीच्या पत्र्यापर्यंत मात्र काहीच नाही. कारण बैठकीचे दात जिथे पत्र्यात रुतायला हवेत, तिथे मडगार्डाच्या खालच्या बाजूला गंज येऊ नये म्हणून तीन हात रंग मारलेला. आणि तो तसा मारायला रंगाऱ्याला कोणी बजावले होते? मीच. पुन्हा सगळे सोडले, खालून रंग खरवडला, उघड्या पत्र्याला ग्रीस लावले, पुन्हा सगळे आवळले. मीटर खूश झाला. खरखर तशीच.

याच वेळी पुण्याहून बाबांचा व्हिडिओ कॉल आला. सिंहगडावरून दूरदर्शन येऊ लागले त्या काळात कौलांवर चढून, “आलं का?”, “नाही, मुंग्याच!” अशा आरोळ्यांच्या आधाराने अँटेना फिरवलेली ही पिढी आहे, तिला कोणत्याही अँटेनेचे निदान परदेशातूनही करता येते. “बाळा, आधी अर्थिंग बघ,” असे ते म्हणाले. बघितले, म्हटले. “मग थोडी गडाकडे फिरव.” काडीला दिशा नसते हे मी त्यांना समजावत असताना गॅरेजच्या दारात बायको येऊन उभी राहिली. ती नोकरीत दिवसभर गाड्यांमधली विद्युत उपकरणे एकमेकांच्या कामात व्यत्यय आणतात का, हेच तपासते, ही गोष्ट तीन तास माझ्या मनात आली नव्हती. “अरे, वरचे दिवे बंद करून बघितलेस का?” एवढेच ती म्हणाली आणि बटण दाबले.

अंधार झाला आणि बातम्या सुरू झाल्या. स्वच्छ, खणखणीत, एकही मुंगी नाही. गेल्या दिवाळीत मीच बसवलेल्या चार एलईडी ट्यूब माझ्या डोक्यावर बसून रेडिओचा ए. एम., म्हणजे मध्यम लहरींचा, पट्टा भाजून काढत होत्या आणि मी त्यांच्याच उजेडात दोष शोधत होतो. बाबा पडद्यावर हसत होते. फोन उलटा ठेवला.

पण म्हणून विक्रेता सुटत नाही, काडी कललेलीच आहे. आणि रेडिओचे दुखणेही संपले नव्हते. अंधारात इंजिन चालू केले तेव्हा आणखी एक कडकडाट आला, ॲक्सिलरेटरबरोबर चढणारा आणि उतरणारा. आधीच्या मालकाने स्पर्धेच्या गाडीला शोभतील अशा धातूच्या गाभ्याच्या प्लग वायरी बसवल्या आहेत; त्या साडेतीनशे घनइंचांच्या, तीनशे अश्वशक्तीच्या इंजिनाला ठिणगी देतात आणि उरलेली ठिणगी माझ्या रेडिओला देतात. त्या माणसाने ही गाडी कधी स्पर्धेत पळवली नव्हती. त्याला फक्त लाल वायर आवडत असे. आता कार्बनच्या गाभ्याच्या वायरी मागवाव्या लागणार, आणि त्याही ‘सर्व मॉडेलांना बसणाऱ्या’ असतील.

आणि कृपा करून मला कोणीही ब्लूटूथ सुचवू नये. काडीऐवजी डॅशबोर्डखाली लपवायच्या त्या बोटभर लांबीच्या चमत्कारी अँटेना-डब्याही सुचवू नयेत. ७६० किलोहर्ट्झची लहर ३९५ मीटरच्या आसपास लांब असते, तिच्यापुढे ३१ इंचांची काडी म्हणजे समुद्रात बुडवलेला चमचा. त्या चमच्यात जे काही येते ते गळू नये म्हणून नीट केबल लागते, नीट अर्थिंग लागते आणि रेडिओचे अँटेनेशी जुळवून घेणारा, कळीमागचा तो इवलासा स्क्रू १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचे क्षीण केंद्र लावून हळुवार फिरवावा लागतो. डबीत हे काहीच नसते. लपवाछपवीची हौस १९७० च्या कॅमारोवाल्यांनी करून पाहिलीच आहे. त्या वर्षी काडी काढून समोरच्या काचेत दोन केसासारख्या तारा घातल्या. माझा एक स्नेही तेव्हापासूनच्या काचेचे गुण गातो, पण त्याच्या गाडीत बसलो की पूल आला की बातमी संपते. फोर्डने तर २०२३ साली नव्या गाड्यांतून ए. एम. च काढून टाकायचे ठरवले आणि ओरड झाल्यावर निर्णय फिरवला. ओरड करणाऱ्यांत मी होतो. शेव्हरोलेवाला असूनही होतो, याची नोंद व्हावी.

डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड रस्त्यावरचा जुन्या गाड्यांचा मेळावा ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी आहे. त्या रस्त्यावर हजारो जुन्या गाड्या गोगलगायीच्या गतीने सरकतील, त्यांतल्या प्रत्येकीच्या मडगार्डावरची काडी मी न्याहाळणार आहे, आणि एखाद्याची सरळ दिसली तर त्याने बैठक कुठून घेतली हे विचारणार आहे. मी नवी, तिरक्या उताराची बैठक दुसऱ्याच दुकानातून मागवली आहे. ती मंगळवारी येईल म्हणतात. खास पानाही मागवला आहे, बायकोला तो दोन डॉलरना मिळाला असे सांगितले आहे. तोवर गाडी मागे घेत आत घालून, तोंड दाराकडे करून उभी केली आहे, कारण समोरून पाहिले की काडी सरळ दिसते.