परंपरेला तारीख असते: तायक्वांदोच्या जुन्या तंत्राविषयी एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

तायक्वांदोचे तंत्र एका प्रशिक्षकाकडून दुसऱ्याकडे जाताना कसे झिजते, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत. आपले म्हणणे थोडक्यात असे: ज्या विद्येला उणीपुरी सत्तर वर्षे झाली तिला परंपरा म्हणणेच हास्यास्पद आहे, तिचे मूळ कराटेत आहे आणि तिच्या जनकांनीच ती हवी तशी बदलली, आज ती जिवंत आहे ती ऑलिम्पिकमुळे, आणि जे जपायचे ते कुक्कीवॉनच्या (सोलमधील तायक्वांदोच्या मुख्यालयाच्या) पुस्तकात व व्हिडिओत सुरक्षित असल्यामुळे ‘मी अमुक साबमांचा (प्रशिक्षकांचा) शिष्य’ हे सांगणे केवळ मिरवण्यापुरते उरले आहे.

पहिल्या आक्षेपातले तपशील मला मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही. 1944 मध्ये सोलमध्ये चुंग दो क्वान (क्वान म्हणजे शाळा) सुरू करणारे ली वोन-कुक आणि सोंग मू क्वानचे रो ब्यूंग-जिक हे दोघेही जपानमध्ये गिचिन फुनाकोशी यांच्याकडे कराटे शिकले होते. ‘तायक्वांदो’ हे नाव 1955 मध्ये ठरले आणि त्याचा आग्रह धरणारे जनरल चोई होंग-ही हेही कराटे शिकूनच आलेले होते. त्यांच्या 1965 च्या पुस्तकात तर त्यांनी स्वतः बसवलेल्या तुलांबरोबर, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमांबरोबर, कराटेचे तसेच क्रम, म्हणजे काताही छापलेले आहेत. दोन हजार वर्षांच्या अखंड परंपरेची जी कथा अनेक क्लासेसच्या माहितीपत्रकांवर वाचायला मिळते, ती मी कधी सांगितलेली नाही आणि सांगणारही नाही. परंतु परंपरा तरुण असण्याचा एक मोठा लाभ आपण लक्षात घेतलेला नाही. इथे काय बदलले, कोणत्या सुमारास बदलले आणि कोणी बदलले, हे बऱ्याच प्रमाणात दाखवून देता येते. म्हणून माझा आग्रह बदल थांबवण्याचा नाही. प्रशिक्षकाने तंत्र सुपूर्द करताना त्याची तारीख आणि त्यामागचे कारण सोबत द्यावे, एवढाच आहे.

पालग्वे आणि तेगुक या दोन मालिका पाहा. 1960 च्या दशकात कोरियन संघटनेने पालग्वेचे आठ पूमसे (तुलांसारखेच ठरलेले क्रम) स्वीकारले आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची जागा तेगुकच्या आठ पूमसेंनी घेतली. पालग्वेत पवित्रा लांब आणि खाली बसलेला असतो. तेगुक इल जांगच्या सुरुवातीला मात्र विद्यार्थी डावीकडे वळून अप सोगीत, म्हणजे चालताना पाऊल पडावे तितक्याच अंतरावर, जवळजवळ ताठ उभा राहतो. पहिले चार हात असेच उंच पवित्र्यात होतात आणि त्यानंतर कुठे तो अप कुबीत, म्हणजे लांब पवित्र्यात, खाली बसतो. नवशिक्याला आधी उंच आणि मग खोल पवित्रा देण्याची ही सोय जाणीवपूर्वक केलेली दिसते. जे कोरियन प्रशिक्षक या बदलाआधी अमेरिकेत गेले, त्यांच्यापैकी अनेकांच्या शाळांत आजही पालग्वे शिकवले जातात. त्या शाळेतला विद्यार्थी कोरियात शिकलेल्या विद्यार्थ्यासमोर उभा राहिला की दोघांनाही समोरचा चुकतो आहे असे वाटते. चुकत कोणीच नसते. त्यांच्या गुरूंनी कोरिया सोडल्याची वर्षे तेवढी वेगळी असतात.

आयटीएफच्या, म्हणजे जनरल चोई यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, बाजूलाही हेच घडले. 1980 च्या दशकात को-दांग हा तुल वगळून जुचे आणला गेला. को-दांग हे चो मान-सिक या राष्ट्रवादी नेत्याचे टोपणनाव, तर जुचे ही उत्तर कोरियाची अधिकृत विचारसरणी, तेव्हा हा बदल तंत्राच्या गरजेतून झाला असे मानायला मन धजत नाही. त्याच काळात रुजलेल्या साइन वेव्हचे प्रकरण मात्र अधिक नाजूक आहे. गुडघे सैल सोडून शरीर आधी खाली, मग वर, मग पुन्हा खाली आणण्याची ही पद्धत रूढ झाली, तेव्हा चोन-जी या तुलाच्या 19 हालचाली 19 च राहिल्या आणि प्रत्येक हालचालीचा शेवटचा आकारही तोच राहिला. बदलला तो दोन आकारांमधला प्रवास. छापील छायाचित्रांतून हा फरक जवळजवळ अदृश्य होतो, आणि माझ्या मते तंत्र हरवते ते बहुतेक वेळा याच प्रवासात.

आरे माक्कीसारखा अगदी पहिल्या दिवशी शिकवला जाणारा खालचा बचाव घेऊ. मूठ विरुद्ध खांद्याजवळ जाते, दुसरा हात समोर खाली पसरतो, मग दोन्ही हात एकाच वेळी सुटतात. एक मांडीच्या वर थांबतो, दुसरा कमरेशी परततो, आणि खुब्याच्या वळणाबरोबर मनगट अगदी शेवटच्या क्षणी फिरते. मोठ्या वर्गात मुलांना हे समजावे म्हणून प्रशिक्षक त्याचे दोन तुकडे करतो: ‘एक’ला हात गोळा, ‘दोन’ला बचाव. सोय उत्तम आहे. पण तो तुकडा पुन्हा जोडायचा राहिला, की त्याचा विद्यार्थी तो थांबा तंत्राचाच भाग समजून शिकवू लागतो, आणि तिसऱ्या पिढीत ‘एक’ला थांबला नाही म्हणून मुलांचे गुण कापले जातात. गुडघा दुखावलेल्या साबमांचे अर्धवट वळणारे टाचेचे पाऊलही शिष्यांनी मक्षिकास्थाने मक्षिका न्यायाने उचललेले मी पाहिले आहे. तिथे कोणी कारण विचारले असते, तर सांगायला साबम हजर होते.

कारण सांगणारा माणूसच नाहीसा झाला तर काय होते, याचे उदाहरण तायक्वांदोच्या इतिहासातच आहे. यून ब्यूंग-इन मांचुरियात चिनी पद्धती आणि जपानमध्ये तोयामा कानकेन यांच्याकडे कराटे शिकून आले आणि 1946 पासून सोलच्या वायएमसीएमध्ये शिकवू लागले. कोरियन युद्धाच्या काळात ते उत्तरेकडे गेले ते परतलेच नाहीत. शिष्यांनी चांग मू क्वान पुन्हा उभे केले, पुढे गांग दुक वोनही निघाले, परंतु यून यांचे चिनी वळणाचे क्रम मोजक्या शिष्यांच्या अंगापुरतेच उरले. गुरुपरंपरा मिरवायची नसते हे आपले म्हणणे रास्त आहे. पण हा क्रम कोणी, कोणाकडून घेतला, ही नोंदच नसेल तर त्याचा अर्थ लावण्याचा दुसरा मार्ग आपल्याजवळ उरत नाही.

ऑलिम्पिकविषयी थोडक्यात लिहितो. सिडनी 2000 नंतर मुले क्लासला येऊ लागली, हे कोणीही नाकारणार नाही. लढतीत इलेक्ट्रॉनिक हॉगू (छातीवरचे संरक्षक कवच) आल्यावर पुढचा पाय उचलून धरून खेळणे वाढले, तेही नियमांच्या हिशेबाने शहाणपणाचेच आहे. मला खटकते ते पूमसे स्पर्धेत घडणारे. तिथे अचूकतेला 4 आणि सादरीकरणाला 6 गुण असतात. को-र्यो या ब्लॅक बेल्टच्या पूमसेत एकाच पायाने दोन यॉप चागी (बाजूला मारायच्या लाथा) लागोपाठ येतात, पहिली प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्यावर आणि दुसरी वर. आता ही दुसरी लाथ घड्याळाच्या बाराच्या काट्यासारखी सरळ आकाशाकडे जाताना दिसते. ती कौतुकास्पद आहे, लवचिकतेची परीक्षा म्हणून ती ठेवावीही. पण तिच्या टोकाला कोणाचेही शरीर असू शकत नाही, हे शिकवणाऱ्याने निदान एकदा बोलून दाखवावे. ते न बोलता वाढलेली मुले उद्या प्रशिक्षक होतील तेव्हा पहिली लाथ खाली का आहे, हा प्रश्नही त्यांना पडणार नाही.

व्हिडिओचा मी विरोधक नाही. माझ्याकडचे वरिष्ठ विद्यार्थी को-र्योचा क्रम कुक्कीवॉनच्या चित्रफितीशी ताडून पाहतात, आणि बेल्ट परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तर सगळा महाराष्ट्र मोबाइलवरच पूमसे पाठ करत असावा. चित्रफीत बरोबर हालचाल दाखवते. तुमची हालचाल कुठे चुकते हे ती सांगत नाही, आणि गेल्या दुरुस्तीत हा हात का बदलला हे तर तिच्यात नसतेच. नव्या आवृत्तीची चित्रफीत जुनी पुसून टाकते, तेव्हा मधला फरक सांगायला दोन्ही केलेला कोणीतरी लागतो.

तरुण प्रशिक्षकांना मी अडाणी ठरवले, हा आपला आरोप लेखातल्या कोणत्या वाक्यावर आधारलेला आहे ते मला सापडले नाही. रंगीत पट्ट्यांना पालग्वे शिकवून त्यांचा वेळ घ्यावा, असेही मी म्हटलेले नाही. पालग्वे मी पहिल्या दाननंतरच (ब्लॅक बेल्टच्या पहिल्या पायरीनंतरच) दाखवतो, तेही तेगुकच्या शेजारी ठेवून, म्हणजे पवित्रा का उंचावला याचा विचार विद्यार्थी स्वतःच्या पायांनी करू शकतो.

शेवटी एक विनंती. आपले गुरू सध्याच्या को-र्योऐवजी ‘जुना को-र्यो’ करत असत, असे आपण ओघात लिहिले आहे. तेगुकच्या काळातच हा जुना क्रमही अधिकृत अभ्यासक्रमातून गेला आणि तो करणारी माणसे आपल्याकडे फारशी भेटत नाहीत. त्यांनी तो कोणत्या वर्षी आणि कोणाकडे शिकला, आणि सुरुवातीला ते हात कसे ठेवत, एवढे तरी आपण लिहून पाठवाल का? त्यांची अनुमती असल्यास ते इथे स्वतंत्रपणे, आपण सांगाल त्या शब्दांत प्रसिद्ध करीन.