शंभर रुपयांच्या बचतीनं होतं तरी काय? : 'शेतकरीपुत्र' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'शेतकरीपुत्र', नमस्कार.

मराठवाड्यातले बचत गट आणि बायकांची एकरभर शेती यांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगली लांबलचक आणि तिखट प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं: महिन्याला शंभर रुपये टाकून कुणी गरिबीतून वर येत नाही, हे सगळं पापड-लोणच्याचं कौतुक आहे. गटाच्या नावाखाली फायनान्स कंपन्यांनी बायकांना कर्जात बुडवलं. एका एकरात पिकणार काय, खरा प्रश्न पाण्याचा आणि भावाचा आहे. आणि आता 'लाडकी बहीण'चे पंधराशे थेट खात्यात येत असतील, तर गट हवा कशाला? शेवटी तुमच्या काकूंच्या बंद पडलेल्या गटाबद्दल विचारलंय. त्याकडे शेवटीच येते.

पापड-लोणच्यावरून भांडायचं काही कारण नाही. तालुक्यातल्या सगळ्या गटांनी तेच पापड लाटायचे आणि विकायला पुढच्या प्रदर्शनाची वाट बघायची, याला धंदा म्हणत नाहीत. पुढे जाऊ.

शंभर रुपयांचं मात्र नीट बघू. बारा बायकांचा गट, महिन्याला शंभर. वर्षाचे झाले १४,४००. प्रत्येकीच्या वाट्याला १,२००. तेवढ्यात कुणाची गरिबी हटणार नाही, बरोबर. पण वर्षअखेरीला ते वाटून घ्यायचे, असा गट चालतच नाही. ते पैसे गटातच फिरतात. जून उजाडला की बियाणं-खताला पाच हजार लागतात. बाईच्या नावावर जमीन नाही, म्हणून पीककर्ज नाही. मग आडत्याकडून (बाजार समितीतल्या दलालाकडून) उचल घ्यायची, किंवा दुकानदाराकडून उधारीवर बॅग आणायची. दसऱ्या-दिवाळीला सोयाबीन निघालं की त्याच दारात, तो म्हणेल त्या भावात माप घालायचं. गटातून तेच पाच हजार महिना शेकडा दोननं घेतले, तर चार महिन्यांचं व्याज होतं ४००. सावकाराचे शेकडा पाचनं हजार झाले असते. वाचलेले सहाशे मोठे नाहीत. माल कुणाला आणि कधी घालायचा हे आता आडत्या ठरवत नाही, ते मोठं आहे. शिवाय ते चारशे गटाच्या पेटीत पडतात, म्हणजे पुढच्या जूनमध्ये दुसरीच्या कामाला येतात.

भावाचा प्रश्न खरा आहे असं तुम्ही म्हणता. मग तोट्यात विकण्याची घाई कुठून येते तेही बघा. निम्मी घाई त्या जूनच्या उचलीतून येते. हमीभाव जाहीर झाला तरी ज्याचं पीक आधीच गहाण पडलंय त्याला त्याचा काय उपयोग?

'लाडकी बहीण'चंही इथेच येतं. जुलै २०२४ पासूनचे ते पंधराशे बाईच्या खात्यात येतात, ही चांगलीच गोष्ट आहे आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण दर महिन्याला आलेले पंधराशे दर महिन्याला खर्च होतात: किराणा, गॅस, पोरांची वह्या-पुस्तकं. एकरकमी पाच किंवा दहा हजार ज्या दिवशी लागतात त्या दिवशी ते कुठून आणायचे, याला त्या योजनेत उत्तर नाही. उलट ते पंधराशे येतात म्हणून गटाची बचत शंभरावरून दोनशेवर नेणं सोपं झालंय, हे चालू गटांनी ओळखायला हवं.

आता एका बैठकीत पाहिलेलं सांगते. धाराशिव जिल्ह्यातलं गाव, शाळेचा ओटा, संध्याकाळ. लोखंडी पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, रजिस्टर तिसरीच्या मांडीवर. एकीनं सात हजार मागितले. कशाला? बियाणं-खताला. मागची थकबाकी विचारून झाली, ती नव्हती. तरी सगळ्या गप्प. मग एक म्हातारी म्हणाली, "पैसे नका देऊ तिच्या हातात, बॅग आणून द्या." मागणारीनं मान खाली घातली, पण नाही म्हणाली नाही. नवरा पितो हे सगळ्यांना माहीत होतं. ठराव असा झाला की दोघीजणी तिच्यासोबत कृषी सेवा केंद्रात जातील, पैसे दुकानात भरतील आणि पावती रजिस्टरला लावतील. कुठल्या बँकेच्या अर्जात हा रकाना आहे? कोणाला किती द्यायचं आणि कसं द्यायचं, हे शेजारणींना जेवढं कळतं तेवढं तालुक्याला बसलेल्या साहेबाला कळणं शक्य नाही. (यात एक जाचही आहे, सगळ्या गावासमोर घरातलं उघडं पडतं. तोही खराच.)

कर्जात बुडवलं, हा तुमचा मुद्दा गंभीर आहे, म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करते. नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेनं १९९२ मध्ये ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग केला, त्यातून आलेला बचत गट हा आधी स्वतःची बचत करतो, ती आपसात फिरवतो आणि मग बँकेच्या दारात जातो. फायनान्स कंपनीत बचत नसतेच. पाच-दहा जणींना एकमेकींचे जामीन करायचं, कर्ज वाटायचं आणि आठवड्याला किंवा पंधरवड्याला वसुलीचा माणूस पाठवायचा. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये वसुलीचा जाच आणि आत्महत्या यांवरून एवढं रान उठलं की सरकारला ऑक्टोबरमध्ये वटहुकूम काढावा लागला, तो या कंपन्यांवर. २०२२ च्या नियमांनुसार रिझर्व्ह बँकेनं घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नयेत, अशी मर्यादा घातली आहे. पण मजूर घराचं मासिक उत्पन्न कागदावर किती लिहायचं, हे वसुलीवाल्याच्याच हातात असेल, तर मर्यादेचं काय होणार ते तुम्हीही जाणता.

नुसत्या कर्जानं माणूस वर येतो का? २०१५ मध्ये सहा देशांतल्या सूक्ष्म कर्जांचे, म्हणजे गरिबांना दिलेल्या अशाच छोट्या कर्जांचे, अभ्यास एकत्र छापून आले, त्यात आपलं हैदराबादही होतं. निष्कर्ष असा की थोडा फायदा होतो, आयुष्य पालटत नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. बचत नाही, बैठक नाही, शेतात नवं काही नाही, फक्त हप्ता आहे, तिथे पालटणार काय? आणि हेही कबूल करायला हवं की काही बचत गटसुद्धा याच वाटेला लागलेत. बँकेला उद्दिष्ट गाठायचं असतं, गटाला मोठं कर्ज दिसतं, बचत वीस हजारांची आणि कर्ज पाच लाखांचं. त्यानंतर बैठक म्हणजे फक्त हप्ता गोळा करणं.

एका एकराकडे येऊ. लातूर-धाराशिव भागात १९९३ च्या भूकंपानंतर बायकांचे गट घेऊन काम करणाऱ्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं हा एकरभर शेतीचा प्रकार पसरवला, २०१६ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कारही मिळाला. त्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, म्हणजे पाण्याचा प्रश्न कुणी विसरलेलं नव्हतं. बाई घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागते. मिळतो तो बहुतेक वेळा बांधाकडचा, मुरमाड. त्यात ती सोयाबीन किंवा ऊस लावत नाही. ज्वारी, तूर, मूग, उडीद, मध्ये मेथी, शेपू, गवार, वांगी, कडेला जनावरांपुरता चारा. शेण घरचं, जीवामृताचं खत आणि दशपर्णीचं कीडनाशक घरचं. यातलं एक गेलं तर दुसरं हाताला लागतं. विकून लाखो रुपये येतात असं मी लिहिलं नव्हतं आणि लिहिणारही नाही. फायदा खर्चाच्या बाजूला आहे. एका बाईनं मला तिचा हिशेब एका वाक्यात सांगितला: "बाजारात आता मीठ, तेल, साखर, पत्तीपुरती जाते." डाळ आणि भाजी विकत आणणं थांबलं की मजुरीचे पैसे हातात उरतात, आणि ते उरले तरच गटाचे शंभर भरता येतात. गट आणि तो तुकडा एकमेकांना धरून उभे आहेत. एकटा गट किंवा एकटं एकर घेऊन वाद घातला, तर तुम्ही जिंकाल.

या सगळ्याचा भार बाईच्याच डोक्यावर, हे तुम्ही ओझरतं लिहिलंय, त्यावर जास्त लिहायला हवं होतंत. सकाळचं पाणी, स्वयंपाक, दुसऱ्याच्या रानातली मजुरी, वर स्वतःचं एकर आणि महिन्याची बैठक. कृषी सखी, पशु सखी म्हणून शेती-जनावरांबद्दल सल्ला देत गावभर फिरणाऱ्या बायकांचं मानधन तर सांगायला लाज वाटावी इतकं आहे.

पण माझ्या मते खरी अडचण तिच्या कष्टांपेक्षाही सातबाऱ्यावर आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये, म्हणजे जमीन कसणारे म्हणून नोंदलेल्यांमध्ये, बायका जेमतेम १४ टक्के. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क १९९४ मध्ये दिला, केंद्रानं २००५ मध्ये. तरी लग्नानंतर बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेणं चालूच आहे. आणि सुनेला तर नवरा हयात असेपर्यंत त्याच्या जमिनीत कायद्यानं आपोआप मालकी मिळत नाही. तीन वर्षं राबून बाईनं मुरमाड तुकड्यात माती तयार केली, की दीर म्हणतो आता इथे ऊस लावू. तिनं काय दाखवायचं? पीककर्ज, पीएम किसान, बहुतेक अनुदानं उताऱ्यावरच्या नावाला मिळतात. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बायकोच्या नावावर जमीन करायला पुरुषांना तयार केलं होतं. तेव्हा गावंच्या गावं पुढे आली होती. तुम्ही शेतकरीपुत्र आहात, म्हणून विचारते: तुमच्या घरच्या उताऱ्यावर आईचं नाव आहे का? उत्तर इथे लिहू नका, घरी विचारा.

आता काकूंचा गट. "सचिवबाईंनी पैसे खाल्ले" एवढंच तुम्हाला माहीत आहे. तेवढ्यावर कुणावर आरोप करू नका. आधी बँकेतून खात्याचा पूर्ण उतारा काढा. अर्ज खात्यावर ज्यांच्या सह्या चालतात त्यांनीच द्यावा लागेल. कर्ज थकीत दिसलं तर कुणाच्या नावावर किती गेलं हे रजिस्टरवरून जुळवा. बऱ्याचदा बाईच्या नावावरचं कर्ज घरातल्या पुरुषानं वापरलेलं निघतं, ते बैठकीत नावानिशी निघालं तरच फिटतं. जुना हिशेब मिटल्याशिवाय नव्या बचतीचा एक रुपयाही घेऊ नका. मग ठराव करून पदाधिकारी आणि सह्या बदला. पंचायत समितीत 'उमेद'चा, म्हणजे बचत गटांचं काम बघणाऱ्या राज्याच्या अभियानाचा, तालुका कक्ष असतो, तिथे गट नोंदवलेला आहे का विचारा. तीन महिने पंचसूत्री पाळली, म्हणजे बैठक, बचत, आपसातलं कर्ज, परतफेड आणि लेखे नियमित ठेवले, तर फिरत्या निधीसाठी, म्हणजे आपसात कर्ज फिरवायला अभियानाकडून मिळणाऱ्या रकमेसाठी, गट पात्र होतो. बँकेच्या मोठ्या कर्जाला निदान पहिलं वर्ष हात लावू नका, साहेब कितीही गोड बोलले तरी.

उतारा हातात आला की इथेच कळवा, म्हणजे पुढचं बोलू.