खुलासा : छोट्या ट्रॅक्टरबद्दलचा माझाच मेसेज चुकला होता

‘नव्या सगळ्या छोट्या ट्रॅक्टरना डीपीएफ असतो, त्याचा दिवा लागला की इंजिन लगेच बंद करा, त्यापेक्षा जुनाच बरा’ असा मेसेज फिरतोय. तो मूळ मीच लिहिला होता. त्यातल्या दोन गोष्टी चूक आहेत.

डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. तो सगळ्यांना नसतो. अमेरिकेत २०१३ पासून २५ ते ७५ एचपीच्या नव्या डिझेल इंजिनांना काजळीचे नियम कडक झाले. त्याखालच्या इंजिनांना सहसा डीपीएफ लागत नाही. म्हणून तर तिथे २४-२५ एचपीची इतकी मॉडेलं दिसतात.

दुसरी चूक जास्त नुकसानीची. साठलेली काजळी फिल्टर स्वतः जाळतो, साधारण ६०० अंश सेल्सिअसला. दिवा सहसा त्याचाच असतो, तो बिघाड नव्हे. तेवढ्यात इंजिन बंद केलं की काम अर्धवट राहतं, आणि असं वारंवार झालं की फिल्टर चोंदतो. माझ्या नव्या ट्रॅक्टरचं मी नेमकं हेच करत होतो. मॅन्युअल नीट वाचल्यावर कळलं. गवत किंवा पाचोळा जवळ नसेल अशा जागी काजळी जळण्याचं काम पूर्ण होऊ द्या. लाल दिवा लागला तर मात्र मॅन्युअल सांगेल तसंच करा.

माझा जुना ट्रॅक्टर दुरुस्तीला सोपा आहे, हे आजही खरं. पण जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तिथे हा टाका.